आकाशात आणखी कोणी आहे का?



उन्हाळ्यात रात्री वीज गेली की आपल्या मुरुडमध्ये अजूनही लोक गच्चीवर अंथरूण टाकतात. मुंबई-पुण्याच्या माणसाला दिसत नाही एवढे आकाश आपल्याला दिसते. अशा वेळी मुले हमखास एक प्रश्न विचारतात, आणि धर्मशिक्षणाच्या वर्गातही तोच प्रश्न पुन्हा येतो : “फादर, दुसऱ्या ग्रहावर कोणी राहत असेल तर त्यांचाही देव तोच का? येशू त्यांच्यासाठीही मरण पावला का?” मोठी माणसे हसून विषय बदलतात. आम्हांला मात्र हा प्रश्न पोरकट वाटत नाही. आठव्या स्तोत्राचा कर्ता चंद्र-तारे पाहून जे विचारतो त्याच्या जवळचाच हा प्रश्न आहे : एवढ्या अफाट सृष्टीत माणसाची किंमत ती काय, की देवाने त्याची आठवण ठेवावी? या रविवारी त्यावर थोडे विचारपूर्वक बोलू या.

आधी विज्ञानाला काय ठाऊक आहे ते पाहू. सूर्यासारख्या दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारा पहिला ग्रह १९९५ साली सापडला. त्यासाठी मिशेल मायोर आणि दिदिए क्वेलॉ या शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. २०२५ पर्यंत अशा ग्रहांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली. त्यांपैकी एकावरही जीव असल्याचा पक्का पुरावा अजून हाती आलेला नाही. शास्त्रज्ञ अशा ग्रहांवर सर्वप्रथम काय शोधतात? पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस पाहिलेल्या आपल्या भागाला यामागचे कारण समजावून सांगण्याची गरज नाही.

या शोधात आपल्या मराठी माणसांचाही वाटा आहे. कोल्हापूरला जन्मलेले आणि २० मे २०२५ रोजी पुण्यात निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी आपल्या विज्ञानकथांतून परग्रहावरचा पाहुणा मराठी घराघरांत नेला. पण ते केवळ कथा लिहून थांबले नाहीत. त्यांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५ साली हैदराबादहून मोठे फुगे वातावरणात सोडले गेले आणि ४१ किलोमीटर उंचीपर्यंतच्या हवेचे नमुने गोळा झाले. २००९ साली इस्रोने जाहीर केले की, त्या नमुन्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या आहेत. मात्र हे जीवाणू पृथ्वीबाहेरून आले असे यावरून सिद्ध होत नाही, हेही त्याच वेळी स्पष्ट सांगितले गेले. आम्हांला हा प्रामाणिकपणा फार मोलाचा वाटतो. ज्या गोष्टीची मनापासून इच्छा आहे ती सिद्ध झाली असे म्हणण्याचा मोह आवरणे, ही सत्याची सेवा आहे. मग ती प्रयोगशाळेत असो वा धर्मपीठावर.

समजा, कोणी आहेत. मग आपली त्यांची भेट होईल का? इथे अडचण अंतराची आहे. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने सोडली. पहिले व्हॉयेजर एका सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर जाते. त्या वेगाने मुरुडहून लातूर गाठायला दोन-तीन सेकंद पुरतील. जवळजवळ पन्नास वर्षे धावून ते आता इतके दूर गेले आहे की, त्याचा रेडिओ संदेश प्रकाशाच्या वेगाने येत असूनही आपल्यापर्यंत पोहोचायला जवळपास एक पूर्ण दिवस लागतो. पण सूर्य सोडून आपल्याला सर्वांत जवळ असलेला तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, याचा प्रकाश इथे यायला सव्वाचार वर्षे लागतात. व्हॉयेजरच्या वेगाने तिथे जायचे तर सुमारे पंचाहत्तर हजार वर्षे हवीत. अब्राहामापासून आपल्यापर्यंतचा काळ चार हजार वर्षांच्या आसपास भरतो, म्हणजे हिशेब ध्यानात येईल.

वेग वाढवावा तर इंधन जास्त लागते; इंधन वाढले की वजन वाढते; आणि ते वजन ढकलायला आणखी इंधन लागते. वेग प्रकाशाच्या जवळ गेला तर धुळीचा कणसुद्धा यानावर बंदुकीच्या गोळीहून भयंकर आदळेल. वाटेतला किरणोत्सर्ग वेगळाच. लेसरच्या झोताने ग्रॅमभर वजनाची चिमुकली याने वीस-पंचवीस वर्षांत त्या ताऱ्यापर्यंत पाठवावीत, अशी योजना २०१६ साली मांडली गेली. पण असे एकही यान अजून निघालेले नाही. आणि ते निघाले तरी त्यात माणूस बसणार नाही.

म्हणून काही विचारवंत सांगतात की, एक प्रचंड जहाज बांधावे. त्यात माणसांनी बसावे, वाटेतच मुलेबाळे व्हावीत, आणि शेकडो पिढ्यांनंतरच्या वंशजांनी तिकडे उतरावे. इथे प्रश्न यंत्राचा राहत नाही, नीतीचा होतो. जी मुले त्या जहाजात जन्माला येतील त्यांना कोणी विचारले होते? त्यांनी नदी पाहायची नाही, पाऊस अंगावर घ्यायचा नाही, प्रवास मधेच सोडायचा नाही. आई-वडील मुलांसाठी निर्णय घेतात हे खरे. पण ते मुलांच्या भल्यासाठी घ्यायचे असतात, स्वतःच्या महत्त्वाकांक्षेसाठी नव्हेत. दुसऱ्याला नुसते साधन म्हणून वापरू नये, हा नियम अजून न जन्मलेल्यांनाही लागू आहे.

आणि बंधुभगिनींनो, थोडा विचार केला तर असे एक जहाज आपणही चालवतोच आहोत. हजार फुटांपर्यंत बोअर मारून आपण आज जे पाणी उपसतो, ते कोणाच्या वाट्याचे आहे? आपल्या नातवंडांना कोणी विचारले? पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पृथ्वीला सर्वांचे सामाईक घर म्हटले. पंचाहत्तर हजार वर्षांचे अंतर आपल्याला तेच शिकवते : हे घर मोडले तर शेजारी दुसरे घर रिकामे नाही.

आता श्रद्धेच्या प्रश्नाकडे वळू. परग्रहावर जीव असू शकतो असे मानणे ख्रिस्ती विश्वासाच्या विरुद्ध आहे का? नाही. जग एकच आहे असे स्वतः संत थॉमस अक्वायनस मानत. पण त्यांच्या निधनानंतर तीनच वर्षांनी, १२७७ साली, पॅरिसच्या बिशपांनी ‘देव अनेक जगे निर्माण करूच शकत नाही’ हे मत चुकीचे ठरवले. देवाला आपल्या तर्काच्या खुंटीला बांधू नका, असा त्याचा अर्थ. १४४० साली निकोलस ऑफ कुसा यांनी इतर ताऱ्यांवरही रहिवासी असावेत असे लिहिले. पुढे १४४८ साली ते कार्डिनल झाले. जिओर्दानो ब्रूनो यांचे नाव कोणी काढील. अनेक जगांबरोबर इतरही मतांसाठी त्यांच्यावर आरोप ठेवले गेले आणि १६०० साली रोममध्ये त्यांना जाळण्यात आले. त्या शिक्षेचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही, हे आपण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आज ख्रिस्तसभेची स्वतःची वेधशाळा आहे, आणि २०२५ सालापासून तिचे संचालक आपल्या शेजारच्या गोव्याचे येशूसंघीय धर्मगुरू फादर रिचर्ड डिसोझा आहेत. त्याच वेधशाळेचे पूर्वीचे संचालक फादर फुनेस यांनी २००८ साली सांगितले होते की, देवाच्या सर्जनशक्तीला आपण मर्यादा घालू शकत नाही. परग्रहावर कोणी असेल तर तोही देवाने निर्माण केलेला आपला बंधूच ठरेल.

मग त्यांच्या तारणाचे काय? यावर ख्रिस्तसभेने कोणताही निर्णय दिलेला नाही, पण विचाराला वाटा आहेत. एक तर, ते पापात पडलेच नसतील. तसे असेल तर मेंढपाळाच्या दाखल्यातील नव्व्याण्णव मेंढरे ते, आणि हरवलेले एक मेंढरू आपण. दुसरी वाट अशी की, ते पडले असतील तर ख्रिस्ताच्या एकाच बलिदानाने त्यांचाही समेट झाला आहे. कारण कलस्सैकरांस पत्रात संत पौल केवळ माणसांच्या नव्हे, तर स्वर्गातील व पृथ्वीवरील सर्वांच्या समेटाविषयी बोलतो. तिसरी वाट संत थॉमस यांच्या एका विवेचनातून निघते. देवपुत्राने एक मानवी स्वभाव धारण केला म्हणून त्याचे सामर्थ्य तिथेच संपत नाही, असे ते म्हणतात. यांतील कोणती वाट खरी, ते देव जाणे. आपल्याला एवढेच पुरे की, यांतील कोणत्याही वाटेने देवाचे प्रेम आटत नाही.

तरीही मनात एक शंका उरते : इतके सगळे असतील, तर आपण साधे, बिनमहत्त्वाचे ठरणार नाही का? ही शंका प्रेमाला भाकरीसारखे मोजते. भाकरीचे पाच तुकडे केले की प्रत्येकाला पाचवा हिस्सा येतो. पण पाच लेकरांच्या आईचे प्रेम प्रत्येकाला पाचवा हिस्सा मिळत नाही. प्रत्येकाला ते पुरते मिळते. देवाने इस्राएलला निवडले ते इतरांना टाकण्यासाठी नव्हे, इतरांपर्यंत पोहोचण्यासाठी. तो बेथलेहेमात जन्मला, रोममध्ये नव्हे. लहान जागा निवडणे हा त्याचा जुना स्वभाव आहे.

आता या प्रश्नाची सर्वांत टोकदार बाजू. समोर आलेला जीव ‘व्यक्ती’ आहे हे ठरवायचे कशावरून? तत्त्वज्ञानात बोएथियसपासून चालत आलेले उत्तर असे की, ज्याला बुद्धी आहे, जो सत्य जाणू शकतो, तो प्रत्येक स्वतंत्र जीव व्यक्ती होय. त्यात हात किती, रंग कोणता, जन्म कुठला, हे येत नाही. देवाची प्रतिमा कातडीत नसते. हे एकदा मान्य केले की, हिरव्या रंगाच्या, सहा हातांच्या प्राण्यालाही आपल्याला मान द्यावा लागेल. ऐकायला सोपे वाटते. इतिहास मात्र वेगळे सांगतो. समुद्रापलीकडे युरोपीय लोकांना अमेरिकेतील आदिवासी भेटले, तेव्हा ही खरी माणसे आहेत का, यावर वाद झाले. १५३७ साली पोप तिसरे पॉल यांना ठणकावून सांगावे लागले की, ही खरी माणसे आहेत, आणि त्यांचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. तरीही लूट थांबली नाही. लुटणाऱ्यांच्या गळ्यात क्रूस होता. आपल्याकडे तर समुद्र ओलांडायचीही गरज पडली नाही. एकाच गावात, एकाच भाषेत, गावकुसाबाहेर माणसे ठेवली गेली आणि त्यांना पाणवठा नाकारला गेला. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या आजोबा-पणजोबांनी ते भोगले आहे.

व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे. कधी काळी कोणाला ती सापडलीच, तर पृथ्वीची ओळख पटावी म्हणून तिच्यात पंचावन्न भाषांतील शुभेच्छा भरल्या आहेत. त्यांत आपली मराठीही आहे. त्याच तबकडीवर भैरवी गाणारा एक आवाज आहे. तो सुरश्री केसरबाई केरकर यांचा. १८९२ साली गोव्यातील केरी गावी, देवळांच्या सेवेशी बांधलेल्या कलावंत समाजात त्या जन्मल्या. या समाजातील स्त्रियांचे गाणे लोकांना हवे असे, पण त्यांना बरोबरीची जागा देण्यास ते तयार नसत. अल्लादिया खाँसाहेबांकडे खडतर तालीम घेऊन त्या मोठ्या झाल्या. व्हॉयेजर झेपावले त्याच महिन्यात, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, त्यांचे निधन झाले. समाजाने जिला कडेला ठेवले, तिचाच आवाज आज साऱ्या मानवजातीच्या वतीने ताऱ्यांकडे चालला आहे. बांधकाम करणाऱ्यांनी नाकारलेल्या दगडाची आठवण कोणाला होणार नाही?

पोप फ्रान्सिस यांनी मे २०१४ मध्ये एका मिस्सेच्या प्रवचनात विचारले होते : उद्या मंगळावरचे लोक आले आणि त्यांनी स्नानसंस्कार मागितला, तर? त्यांचा रोख मंगळावर नव्हता. पेत्र कर्नेल्याच्या घरी गेला, परक्याबरोबर जेवला, म्हणून त्याला जाब विचारणाऱ्या आपल्याच माणसांवर होता. दार बंद करणारे आपण कोण, हा त्यांचा सवाल होता.

तो सवाल आपल्या धर्मग्रामाला आम्ही असा विचारतो. दिवाळीनंतर साखर कारखान्यांचा हंगाम सुरू होतो. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या येतात, शिवारात कोप्या उभ्या राहतात. पहाटेच्या थंडीत कोयता घेऊन आई-बाप फडात जातात, आणि लेकरे कोपीपाशी राहतात किंवा उसाच्या बांधावर. ती आपलीच भाषा बोलतात. तरी त्यांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. प्रॉक्सिमाच्या वाटेवर पंचाहत्तर हजार वर्षे आहेत. कोपीच्या वाटेवर पंधरा मिनिटे. शोमरोनी माणसाच्या दाखल्यात येशूने शेजारी कोण याची व्याख्या सांगितली नाही. कोण शेजारी झाला, असे विचारले. येत्या हंगामात आपल्या भगिनी मंडळाने आणि युवकांनी रविवारच्या मिस्सेनंतर या मुलांना अर्धा-एक तास शिकवावे, दवाखान्याची गरज असेल तिथे सोबत जावे, अशी आमची विनंती आहे. नावे धर्मगुरुनिवासात द्यावीत.

आकाशात आणखी कोणी आहे का, हे आपल्या हयातीत कळेल किंवा कळणार नाही. त्यांच्या स्वागताची तयारी मात्र आजपासून करता येते. कारण परक्याला बंधू म्हणण्याचे शिक्षण एकच आहे, मग तो परका ताऱ्यावरून येवो की बीडहून.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू