न दिसणारे आहे, हे कसे ठरवावे?

दीक्षा घेऊन तुम्ही घरातला देव्हारा रिकामा केला, की एक प्रश्न हमखास दारी येतो. पाहुणे, शेजारी, कधी आपलीच वडीलधारी मंडळी विचारतात, "शास्त्रज्ञसुद्धा न दिसणारे मानतात, मग देवीनेच तुमचे काय घोडे मारले?" हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका.

१९३० साली पाउली या शास्त्रज्ञाने न दिसणारा एक कण खरोखरच मानला. किरणोत्सर्गी अणूंच्या जमाखर्चात ऊर्जा कमी भरत होती; ती कोणी घेऊन जात असावे, असा त्याचा तर्क. तो कण म्हणजे न्यूट्रिनो. १९५६ साली राइन्स आणि कोवन यांनी अणुभट्टीजवळ त्याच्या खुणा पकडल्या. मधली सव्वीस वर्षे तो मानलेला होता, पुजलेला नव्हता.

आता याच कुळातला एखादा जड कण आहे काय, असा शोध अमेरिका व कॅनडातले शास्त्रज्ञ घेत आहेत. बेरिलियम-७ चा अणुगर्भ आपलाच एक इलेक्ट्रॉन गिळतो आणि लिथियम होतो. न्यूट्रिनो निसटून जातो. बंदूक उडाली की खांद्याला दणका बसतो, तसा लिथियमला उलटा धक्का बसतो, अवघा ५७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. निसटणारा कण जड असेल, तर धक्का तेवढा कमी. हा इवलासा धक्का मोजण्यासाठी बेरिलियमचे अणू टँटलमच्या अतिसंवाहक शोधकात रुजवतात आणि तो निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम एक दशांश अंशापर्यंत थंड ठेवतात. कण दिसत नाही, पण तो असता तर कोठे काय दिसले असते, हे आधीच सांगून ठेवलेले असते.

एका शोधकाने २८ दिवस मोजणी केली. निकाल २०२१ साली छापला: इलेक्ट्रॉनच्या सुमारे एक पंचमांशापासून दीडपटीहून थोड्या अधिक वजनापर्यंत असा कण आढळला नाही. कोठेच नाही, असे ते म्हणाले नाहीत. ठराविक प्रमाणाहून अधिक असता तर सापडला असता, एवढेच म्हणाले, आणि पुढच्या मोजणीला लागले. न सापडल्याचे असे उघड सांगणारा एखादा भगत तुम्ही पाहिला आहे काय?

देवीचा हिशेब निराळा. मूल बरे झाले तर कृपा, दगावले तर कोप. काहीही घडो, जमा तिच्याच खाती. औषध आणि अंगारा एकाच दिवशी दिला, तर गुण कशाचा हे कोणी कसे ठरवावे? केसपुत्तच्या कालामांना भगवंतांनी परंपरेवर किंवा गुरूच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या असे सांगितले, ते अशाच पेचासाठी.

ही पारख आपल्याही घराला लागू आहे, हे कटू असले तरी सांगितले पाहिजे. बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे नवस बोलणारी घरे आपल्यात आहेत. पोराच्या दंडाला ताईत तसाच, फक्त दोरा निळा झाला.

तेव्हा पुढच्या वेळी मावशींनी विषय काढला, तर भांडू नका. एवढेच विचारा, "मावशी, काय घडले म्हणजे तुम्ही म्हणाल, की हा देवीचा कोप नव्हे?" आणि त्यांना सावकाश विचार करू द्या.