फुली मारली म्हणजे काय म्हटलं?

डेस्कटॉपवरच्या बहुतेक डायलॉगच्या कोपऱ्यात एक फुली असते. चुकलेल्या गणितावर बाई मारायच्या तशीच. तिचा अर्थ 'नको', असं आपण धरून चालतो. पण डायलॉगचा कोड लिहिताना माझ्यापर्यंत 'नको' पोचत नाही. पोचतो फक्त एक इव्हेंट. विंडोजमध्ये फुलीवर क्लिक केलं की 'खिडकी बंद करा' असा निरोप येतो. त्याचं पुढे काय करायचं, हे मी हँडलरमध्ये लिहितो. म्हणजे कृती तुमची आणि अर्थ माझा.

दुसऱ्याच्या कृतीचा अर्थ लावण्याचा हा अधिकार कुठपर्यंत चालतो?

ज्यांनी या खिडक्या आधी घडवल्या, त्यांनी यावर बराच विचार केलेला दिसतो. बटण दाबल्यावर काम होत नाही, सोडल्यावर होतं. दाबून धरलेलं असताना माऊस बाजूला सरकवून सोडला, तर काहीच घडत नाही. हात पुढे गेला तरी मन बदलायला जागा ठेवली आहे. साध्या डायलॉगमध्ये एस्केप दाबा नाहीतर फुलीवर क्लिक करा, दोन्ही 'कॅन्सल' म्हणूनच पोचतात. आणि फक्त 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं असलेला मेसेज बॉक्स मागवला, तर विंडोज फुली निकामी करून ठेवतं. तिथे एस्केपही चालत नाही. गप्प राहण्याला 'नाही' समजण्याचीसुद्धा तिथे मुभा नाही. मला हा प्रामाणिकपणा वाटतो. अर्थात त्याची किंमत आहे: उत्तर दिल्याशिवाय सुटका नाही.

२०१६ साली याच विंडोजवर उलटं घडलं. विंडोज १० चं अपग्रेड अमुक दिवशी, अमुक वाजता होणार, अशी खिडकी लोकांसमोर येऊ लागली. लोकांनी सवयीने फुलीवर क्लिक केलं. खिडकी गेली, पण ठरलेली वेळ तशीच राहिली आणि अपग्रेड झालं. रद्द करायची सोय होती, पण मजकुरातल्या एका लिंकमागे. बराच गदारोळ झाल्यावर मायक्रोसॉफ्टने ती पद्धत बदलली.

इथे कंपनीला शिव्या देऊन मोकळं होणं सोपं आहे. पण पुढच्याच वर्षी, मे २०१७ मध्ये, वॉनाक्राय आलं. ब्रिटनमधल्या सरकारी आरोग्यसेवेतल्या अपॉइंटमेंट आणि शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या त्रुटीतून ते शिरलं, तिच्यावरचा पॅच मार्चमध्येच आला होता. असंख्य मशीनवर तो बसवलेलाच नव्हता. म्हणजे 'आहे तसं राहू द्या' हा अर्थ नेहमीच निरुपद्रवी नसतो. एकाने पुढे ढकललेलं अपडेट दुसऱ्याच्या ऑपरेशनच्या आड येऊ शकतं. मग लोकांच्या भल्यासाठी फुलीचा अर्थ 'हो' असा लावला, तर बिघडलं कुठे?

मला वाटतं, बिघडतं ते सक्तीमुळे नाही. 'हे अपडेट होणारच, तुम्हाला विचारत नाही', असं स्पष्ट सांगणारी खिडकी मी समजू शकतो. ती सक्ती आहे, पण उघड आहे. तिच्याशी भांडता येतं, तक्रार करता येते. फुलीला होकार ठरवणं मात्र वेगळं आहे. लोकांना आपण वर्षानुवर्षं शिकवलं की नकाराची खूण ही. मग एके दिवशी तीच खूण होकारात जमा केली. आता तक्रार कोणाकडे करायची? नोंदीत तर तुमची संमती आहे. सक्ती माणसाचा निर्णय हिरावते. ही युक्ती त्याच्या निषेधाचा शब्दही काढून घेते.

'मौन म्हणजे संमती' हे आपण फार सहज म्हणतो. लग्नाच्या बैठकीत मान खाली घालून बसलेल्या मुलीबद्दल म्हणतो, मीटिंगमध्ये गप्प बसलेल्या ज्युनिअरबद्दल म्हणतो. तिथेही अर्थ लावणारा तोच असतो, ज्याला होकार हवा असतो.

म्हणून हँडलर लिहिताना मी एकच कसोटी वापरतो. या कृतीचा मी लावलेला अर्थ त्या माणसाला तोंडावर सांगितला, तर तो म्हणेल का, 'हो, मला हेच म्हणायचं होतं'? तसं वाटत नसेल, तर दोनच रस्ते उरतात. त्याला पुन्हा विचारायचं, नाहीतर हा निर्णय आमचा आहे हे आपल्या नावाने सांगायचं. त्याच्या नावावर खपवायचं नाही.