रेषेबाहेर गेलेला हिरवा

आमच्या पनवेलला सूर्य माथेरान-प्रबळच्या डोंगरांआडून वर येतो. त्यामुळे उजाडतं आधी, ऊन मागाहून येतं. मधला तो थोडा वेळ मी रोज भिंतीवरच्या एका चित्रासमोर उभा राहतो. बोरघाटाचं चित्र आहे. मुंबईच्या जुन्या बाजारात मिळालं होतं.

विल्यम वेस्टॉल नावाचा इंग्रज चित्रकार 1803-04 च्या सुमारास आपल्या बाजूला येऊन गेला. तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस होडीनं पनवेल बंदरात उतरायचा आणि पुढं घाटाला लागायचा. घाटात गाडीरस्ता झाला तो 1830 साली. वेस्टॉलनं केलेल्या चित्रांवरून लंडनमध्ये छापे निघाले आणि कॅप्टन ग्रिंडले यांनी पश्चिम हिंदुस्थानावरच्या आपल्या ग्रंथात ते घातले. माझं चित्र त्याच ग्रंथातलं. ग्रंथातली एकूण चित्रं 36, प्रकाशनाचा काळ 1826 ते 1830. ग्रिंडलेज बँक आपल्या ऐकण्यातली आहे. तिची सुरुवात करणारे ग्रिंडले ते हेच.

हे छापे ज्या रीतीनं निघत, तिचा विचार मनातून जात नाही. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक भुकटी बसू द्यायची, ऊब देऊन ती चिकटवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. राळेच्या कणाकणांमधली जागा तेवढी आम्ल खातं. तिथं शाई थांबते, आणि ओलसर कागद दाबला की त्यावर धुक्यासारखी छटा उतरते. तिला ॲक्वाटिंट म्हणतात. पण दर दाबाला पत्रा थोडा झिजतो. काही शेकडा प्रती निघाल्या की आभाळ पुसट व्हायला लागतं, डोंगरांच्या घड्या मिटत जातात. म्हणून पहिल्या प्रतींना मान. हल्ली कोपऱ्यात पेन्सिलीनं 12/250 असा आकडा घालून मर्यादित आवृत्ती विकतात. तो आकडा कुणीतरी ठरवलेला असतो. तेव्हाची मर्यादा तांब्याच्या अंगची होती, आणि मला तीच खरी वाटते.

बोरघाटात रस्ता झाला त्याच दशकात तिकडे अमेरिकेत कार्ल बोडमर हा स्विस चित्रकार एका जर्मन राजपुत्राबरोबर मिसुरी नदीनं वर गेला. 1833-34 चा हिवाळा त्यानं मंडन लोकांच्या गावांशेजारी काढला. त्यांचा नायक मातो-तोपे त्याच्यासमोर अंगावर रंग लावून, सगळ्या मानचिन्हांसह उभा राहिला. पुढं युरोपात त्या प्रवासाचे 81 ॲक्वाटिंट छापे प्रसिद्ध झाले, पण त्याआधीच 1837 मध्ये देवीची साथ येऊन गेली होती. मातो-तोपे त्यात गेला, आणि मंडन लोकांत फार थोडी माणसं उरली. अमेरिकेतले संग्राहक आज ते छापे ‘सरहद्दीची चित्रं’ म्हणून जिवापाड जपतात. जपतात हे फार चांगलं. पण सरहद्द कुणाची? नावेतून आलेल्याला ती सरहद्द होती, मातो-तोपेचं ते गाव होतं.

आपल्या घाटाचंही तेच. लंडनमध्ये ग्रंथ विकत घेणाऱ्याला तो कुठला तरी दूरचा रानवट मुलूख होता. पनवेलच्या माणसाला ती पुण्याची वाट होती, बैलांच्या खुरांखालची. म्हणून असे छापे इथल्या घरांत यायला हवेत, नुसत्या परदेशी लिलावांच्या याद्यांत राहू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

एक गोष्ट मात्र सलते. माझं चित्र ग्रंथातून सुटं केलेलं आहे. डावीकडची कड कापलेली स्पष्ट दिसते. एका पुस्तकाची पानं वेगळी झाली की ती अनेक भिंतींवर जातात, आणि पुस्तक मात्र कुठंच राहत नाही. ते कुणी कापलं मला माहीत नाही, पण ते पान विकत घेणारा मीच. तेव्हापासून अख्खा ग्रंथ फोडून विकायला काढलेला दिसला की मी हात आखडता घेतो.

पावसाळ्यात आमच्याकडच्या दमट हवेत चित्राची काळजीच लागून राहते. तीन महिने ते भिंतीवरून उतरवून कपाटात आडवं ठेवतो, कसर लागली नाही ना, म्हणून दर आठवड्याला उघडून बघतो. तेव्हा काच मध्ये नसते. पत्र्याच्या कडेची कागदात उमटलेली खोलगट रेघ बोटाला लागते. रंग हातानं भरलेले आहेत. एका झाडाशी हिरवा रंग रेषेबाहेर गेला आहे, जेमतेम गव्हाच्या दाण्याएवढा. खाली लहान अक्षरांत इतरांची नावं आहेत, रंग भरणाऱ्याचं नाही. बोरघाट त्या माणसानं पाहिलेला असेल असं वाटत नाही. दिवसभर असेच कागद पुढ्यात येत असतील, आणि या एका कागदावर कुंचला जरा पुढं सरकला.

आज ऊन खिडकीच्या गजापर्यंत आलं आहे. भिंतीवर पोचलं तर हा हिरवाच आधी उडेल. पडदा ओढून घेतो.