उचलता येईल तेवढेच

अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ राज्यांत आणि अलास्कात शरद ऋतू लागला की शिकारी पाठीवर सॅक चढवून निघतात. गाडीरस्ता जिथे संपतो तिथून त्यांची वाट सुरू होते. चार-सहा दिवस डोंगरात राहायचे, एल्क किंवा मूस यांसारखे मोठे हरणवर्गीय जनावर शोधायचे, आणि मिळालेच तर त्याचे मांस पाठीवरून खाली आणायचे. अशा सफरीसाठी सॅक कोणती घ्यावी, हा त्यांच्यात तासन् तास रंगणारा विषय आहे. किती लिटरची असावी, फ्रेम कशाची असावी, कमरपट्टा किती रुंद असावा, यावर हिरिरीने बोलले जाते. वरवर पाहता ही दुकानातली बाब आहे. पण तिच्या पोटात एक जुना नैतिक प्रश्न आहे: जे आपल्याला उचलून नेता येणार नाही, ते मारण्याचा आपल्याला अधिकार आहे का?

गिर्यारोहकाची सॅक पहिल्या दिवशी सर्वांत जड असते. शिधा संपत जातो तशी ती हलकी होते. शिकाऱ्याच्या सॅकचे गणित नेमके उलटे आहे. जाताना ती हलकी असते आणि शिकार साधली तर परतताना ती कंबर मोडेल इतकी जड होते. म्हणून जाणता शिकारी सॅक निवडतो ती परतीच्या वाटेसाठी. अशा सॅकमध्ये पिशवी फ्रेमपासून थोडी सुटी करता येते आणि मधल्या जागेत मांस कापडी पिशव्यांत भरून घट्ट बांधता येते. त्यामुळे वजन पाठीच्या कण्याला चिकटून राहते आणि पट्ट्यामार्फत कमरेच्या हाडांवर उतरते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात डिक केल्टी यांनी अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमच्या आणि कमरपट्ट्याच्या सॅक बनवायला घेतल्या, तेव्हापासून खांद्यांवरचा भार कमरेवर नेण्याची ही युक्ती सर्वदूर पसरली. शिकाऱ्याच्या सॅकमधली ती मधली जागा जाताना रिकामी असते. अजून न दिसलेल्या एका जनावरासाठी ती राखून ठेवलेली असते.

आता हिशेब पाहू. मोठ्या नर एल्कचे हाडे काढलेले मांस ढोबळमानाने ९० किलो भरते. एका खेपेला ३० किलो उचलले तर मांसाच्या तीन खेपा होतात, आणि तंबू-सामानाची चौथी. गाडी सहा किलोमीटरवर उभी असेल, तर चार खेपांसाठी सहा किलोमीटरचे अंतर सात वेळा तुडवावे लागते. म्हणजे ४२ किलोमीटर, आणि त्यांतले २४ ओझ्यासह. मूस याहून कितीतरी मोठा. त्याचे मांस सव्वादोनशे किलोपर्यंत जाते. एकट्या माणसाला त्याच्या आठ खेपा, म्हणजे त्याच अंतरावर ९० किलोमीटर. मांस गरम राहिले तर हाडाजवळून नासू लागते, माशा बसतात, वास लागला तर अस्वल येते. म्हणजे हे सारे घाईने करायचे. बंदुकीचा चाप ओढायला एक क्षण लागतो, आणि त्या क्षणाची किंमत पुढचे दोन-तीन दिवस पाठ आणि गुडघे फेडतात.

हा हिशेब माणसे टाळतात, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते. अलास्कात मूस किंवा कॅरिबू मारल्यावर मानेचे, छातीचे, बरगड्यांचे, चारही पायांचे आणि पाठीच्या कण्यालगतचे मांस उचलणे बंधनकारक आहे. ते रानात सडू दिले तर दंड होतो, तुरुंगवासही होऊ शकतो. तिथला आणखी एक नियम मला विशेष शहाणपणाचा वाटतो. शिंगे पहिल्या खेपेत नेता येत नाहीत. ती शेवटच्या मांसाबरोबर किंवा त्यानंतरच शिकारीच्या जागेवरून हलवायची. शिंगे भिंतीवर टांगता येतात, त्यांच्याबरोबर छायाचित्र निघते, त्यांची गोष्ट सांगता येते. बरगड्यांच्या मांसाची गोष्ट कोणी ऐकत नाही. माणूस दमला की काय आधी उचलेल आणि काय मागे ठेवेल, हे या नियमाने बरोबर ओळखले आहे. आधी देणे फेडा, मिरवणे नंतर.

तरीही कायद्यावर सगळे सोपवता येत नाही. कोलोरॅडोत चार पायांचे आणि कण्याच्या आतबाहेरचे मांस नेले की कायद्याचे समाधान होते, बरगड्या मागे राहिल्या तरी चालते. अलास्कात तोच गुन्हा ठरतो. राज्याची सीमा ओलांडल्याने बरगडीचे मोल बदलत नाही. शिवाय त्या रानात पाहायला असतो कोण? वन्यजीवांच्या नीतीविषयी लिहिताना आल्डो लिओपोल्ड यांनी शिकाऱ्याच्या या एकटेपणाकडे लक्ष वेधले होते. टाळ्या वाजवणारे किंवा नावे ठेवणारे प्रेक्षक त्याच्याभोवती नसतात, त्याचा निवाडा त्यालाच करायचा असतो. चौथी खेप करायची की नाही, हे अंधार पडल्यावर, दुखऱ्या गुडघ्यांनी, त्यालाच ठरवावे लागते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो साधा नाही. मांसाचा कण अन् कण वाहून नेला म्हणून त्या जनावराचे काय भले झाले? त्याचा जीव गेला तो गेलाच. ओझे वाहून मारण्याचे पाप धुतले जाते, असे कोणी म्हणत असेल तर ते खोटे आहे. घाम हा काही जिवाचा मोबदला नव्हे. मारणे मुळातच योग्य की अयोग्य, हा प्रश्न सॅक सोडवू शकत नाही. पण ज्याने मारायचे ठरवले आहे, त्याच्यावर ती एक मर्यादा घालते. शिकाऱ्याची ओढ जनावर दिसेल तितकी वाढत जाते. शरीराची ताकद तशी वाढत नाही. मर्यादा घालायची तर ती ताकदीच्या बाजूनेच घालावी लागेल.

दुसरा आक्षेप सॅकवरच आहे. आपण म्हणतो, अंथरूण पाहून पाय पसरावेत. चांगली सॅक तर अंथरूणच लांब करते. काल चार किलोमीटरवरून परतणारा आज आठ किलोमीटर आत शिरतो, कारण फ्रेम ५० किलो पेलते असे त्याला सांगितलेले असते. पण फ्रेम पेलते म्हणून गुडघा पेलतोच असे नाही. म्हणून सॅक निवडताना दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत. हिच्यात किती मावते, हा एक. आणि हे भरल्यावर मी किती वेळा, किती दूर जाईन, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दुकानदार देतो. दुसऱ्याचे उत्तर घरी जिना चढून-उतरून, पाठीवर वाळूचे पोते बांधून, ज्याचे त्याला मिळते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढील दुरुस्त्यांनी शिकार जवळजवळ बंद केली, ते योग्यच झाले. पण संस्थानी आणि इंग्रजी अमदानीतली छायाचित्रे आठवावीत. मेलेल्या वाघाशेजारी साहेब किंवा महाराज बंदूक घेऊन उभे. हाकारे घालणारे, मचाण बांधणारे आणि धूड वाहणारे गावकरी कडेला, नाहीतर चित्राबाहेर. गोळी एकाची आणि ओझे दुसऱ्याचे असले की किती मारायचे याला धरबंद उरत नाही. अमेरिकेतही खेचरे किंवा सोबती घेऊन जाणारे असतात, आणि त्यात गैर काही नाही. स्वतःच्याच पाठीला कळ लागली पाहिजे, असा आग्रह नाही. वाहण्याची सोय मारण्याआधी झालेली असावी आणि तिचा हिशेब मारणाऱ्यानेच केलेला असावा, एवढीच मागणी आहे.

म्हणूनच सॅकची निवड महत्त्वाची. ती थंड डोक्याने, घरी बसून, जनावर समोर नसताना होते. कुठे थांबायचे हे त्याच वेळी ठरवून घेता येते. संध्याकाळी पलीकडच्या दरीत उतारावर एल्क दिसतो, बंदुकीच्या टप्प्यात असतो, आणि गाडी दोन डोंगरांमागे असते. अशा वेळी बंदूक खाली घेणाऱ्या शिकाऱ्याचे नाव कुठेच नोंदले जात नाही. तो रिकाम्या सॅकने परततो, आणि एल्क चरत राहतो.