यंत्र निवडण्यापूर्वी



इशाच्या नमाजनंतर एका तरुणाने मोबाइलवर दोन यंत्रांची चित्रे दाखवून विचारले, "इमामसाहेब, घरी बिटकॉइनचे मायनिंग करायचे आहे. यांपैकी कोणते घेऊ?" पैसे बहिणीच्या निकाहसाठी साठवलेले होते. प्रश्न बाजाराचा वाटला, तरी त्याच्या पोटात हलाल-हरामचा प्रश्न होता. आपणही त्यावर विचार करावा.

मायनिंग म्हणजे काय? जगभरातील यंत्रे एका विशिष्ट आकड्याचा अखंड शोध घेत असतात. साधारण दर दहा मिनिटांनी एखाद्या यंत्राला तो सापडतो व त्याच्या मालकास बक्षीस मिळते. एप्रिल २०२४ मध्ये हे बक्षीस निम्मे होऊन ३.१२५ बिटकॉइन झाले.

पहिले यंत्र तळहाताएवढे, 'बिटॲक्स'. ते जेमतेम १५-२० वॅट वीज खाते, म्हणून निरुपद्रवी वाटते. मात्र एकट्याने चालवल्यास त्याला बक्षीस लागण्याची सरासरी हजारो वर्षांतून एकदा! ही तर लॉटरीच. सूरह माइदामध्ये मैसिर, म्हणजे जुगार, निषिद्ध ठरवला आहे. आपण म्हणाल, शेतकरीही पावसाच्या भरवशावरच पेरतो. खरे आहे; परंतु त्याच्या घामातून धान्य पिकते आणि एकाचे पीक येण्यासाठी शेजाऱ्याचे बुडावे लागत नाही. येथे मात्र एकास बक्षीस मिळते आणि त्या फेरीत इतरांची वीज वाया जाते.

दुसरे यंत्र 'अँटमायनर एस-२१'. अनेक मालक समूह करून काम करतात आणि ज्याचे जितके काम, तितका त्याचा वाटा. म्हणजे महागडे यंत्र मजुरीच्या अधिक जवळ जाते! पण ते ३५०० वॅटचे, रोज ८४ युनिट जाळणारे. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याचे बिल २५ हजारांवर जाते. बिल निश्चित, कमाई अनिश्चित. त्यात २०२२ पासून अशा उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि त्यातून विजेचा खर्च वजा करता येत नाही. शिवाय त्याचा आवाज रात्रंदिवस घुमतो. भिंतीपलीकडे आजारी वृद्ध किंवा तान्हे मूल असेल, तर शेजाऱ्याच्या हक्काचे काय? आणि कोणी आकडा टाकून वीज वापरली, तर ती उघड चोरीच होय.

मूळ चलनाविषयीही विद्वानांत मतभेद आहेत. इजिप्तच्या दारुल इफ्ताने २०१८ मध्ये बिटकॉइनचा व्यवहार निषिद्ध ठरवला. मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरीअत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये डिजिटल मालमत्तेच्या व्यवहारास अटींसह मुभा दिली. अशा संशयास्पद बाबींपासून दूर राहण्यातच दीन व अब्रू सुरक्षित राहते, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपल्यासमोर आहे.

मी त्या तरुणास दोन्हींपैकी एकही यंत्र सुचवले नाही. एवढेच म्हणालो, "बेटा, हा पैसा तुझा नाही, बहिणीची अमानत आहे. स्वतःच्या कमाईतून धोका पत्करणे निराळे आणि अमानत पणाला लावणे निराळे." तो काही क्षण गप्प राहिला आणि मोबाइल खिशात ठेवून घरी गेला.

वाचकहो, 'यातून किती मिळेल?' या प्रश्नाआधी 'हे कोणाचे आहे, आणि याची झळ कोणाला बसेल?' हे स्वतःस विचारा. अल्लाह आपणा सर्वांना थोडी का होईना, पण शुद्ध रोजी देवो. आमीन.