बहुधा ज्ञान आणि घुग्घुसचा कोळसा

सामान्यज्ञानाच्या स्पर्धेतील उत्तरे ज्याला मुखोद्गत आहेत त्याला ज्ञानी म्हणावे काय, हा प्रश्न समर्थ रामदासांनी दासबोधाच्या पाचव्या दशकात जवळजवळ याच रूपात हाताळला आहे. ‘बहुधा ज्ञान’ या समासात रत्ने, नाणी, धातू, पशू, पक्षी यांच्या पारखीची लांबलचक यादी देऊन ते तिच्यातील एकाही विद्येला खरे ज्ञान मानत नाहीत आणि पुढच्याच समासात आत्मज्ञानाला, म्हणजे स्वस्वरूपाच्या ओळखीला, ते नाव देतात.

न्यायदर्शनाचा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव आणि स्मृती म्हणजे पूर्वानुभवाच्या संस्कारातून होणारे स्मरण, असा भेद करून ते स्मृतीला प्रमेबाहेर ठेवते.

घुग्घुससारख्या वर्धा खोऱ्यातील खाणींच्या गावात हा भेद ठळक होतो. ताडोबा १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले, गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला, येथील कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे, ही उत्तरे अभ्यासिकेत घोकता येतात. त्याच कोळशाची प्रत नुसत्या नजरेने सांगणाऱ्या कामगाराचे ज्ञान मात्र प्रत्यक्षातून, म्हणजे इंद्रिय आणि वस्तू यांच्या संयोगातून, आलेले असते. समर्थ या दोघांनाही एकाच यादीत बसवतील, आणि येथे त्यांचा निवाडा फार कठोर वाटतो. कारण पायाखालच्या थराचे वय मनापासून समजलेल्या माणसाला ‘मी कोण’ हा प्रश्न त्याच थरापाशी पडू शकतो.