लाभांतराय आणि हुकलेले वर्ष

१९९८ साली अकोल्यापासून वेगळा झालेला वाशिम जिल्हा मुख्यतः सोयाबीन आणि तुरीच्या कोरडवाहू शेतीवर जगतो, आणि म्हणून तेथील पदवीधराचे लक्ष स्पर्धा परीक्षा, पोलीस भरती किंवा पुण्या-मुंबईची नोकरी यांकडे लागलेले असते. मार्च २०२० मधील टाळेबंदीने या वाटा एकाच वेळी अडवल्या. ज्यांचे शिक्षण नेमके त्याच वर्षी संपले, त्यांच्या हानीचे कारण कशात शोधावे, हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही.

रूढ उत्तर प्रारब्धाचे आहे. प्रारब्ध म्हणजे संचित कर्मांपैकी ज्याचे फळ या जन्मी भोगण्यास आरंभ झाला आहे तो भाग. परंतु २०१८ च्या तुकडीला नोकऱ्या मिळाव्यात आणि २०२० च्या संपूर्ण तुकडीचे प्रारब्ध एकदमच खडतर निघावे, हे मानणे कर्मसिद्धांतालाही जड जाते, कारण तो मुळात व्यक्तिगणिक हिशेब मांडतो. निष्काम कर्माचा उपदेशही अशा वेळी सढळ हाताने केला जातो, आणि तो करणाऱ्याचा पगार बहुधा महिन्याच्या महिन्याला जमा होत असतो.

याच जिल्ह्यातील शिरपूर आणि कारंजा ही जैन परंपरेची जुनी केंद्रे आहेत, आणि त्या परंपरेतील एक संकल्पना येथे अधिक उपयोगी पडते. जैन दर्शन कर्माचे आठ प्रकार मानते; त्यांपैकी आठवे ‘अंतराय’, म्हणजे विघ्न आणणारे कर्म, आणि त्याचा एक पोटप्रकार ‘लाभांतराय’, ज्याच्या उदयाने देणारा असूनही आणि घेणारा पात्र असूनही लाभ घडत नाही. वरवर पाहता हेही दैवच. परंतु उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रानुसार हे कर्म बांधले जाते ते दुसऱ्याच्या कामात विघ्न आणल्याने, म्हणजे ज्याची वाट अडली त्याच्याइतकाच अडवणाराही नैतिक हिशेबात येतो. महाराष्ट्र शासनाच्या वित्त विभागाने ४ मे २०२० रोजी आरोग्यसेवा वगळता नवी भरती थांबवली, तेव्हा साथ दैवी असली तरी तिचा भार कोणावर टाकायचा ही निवड मानवी होती. तिजोरी आटली होती हे खरे. पण आटलेल्या तिजोरीतून आधी कोणाचे कापावे, हे विषाणू ठरवत नाही. राजा काळाचे कारण की काळ राजाचे, या संशयावर शांतिपर्वात भीष्म राजाच्या बाजूने निर्णय देतात, तो याच अर्थाने.

असा भार एका वर्षात फिटत नाही: मंदीत नोकरीस लागलेल्या कॅनडातील पदवीधरांची मिळकत आठ-दहा वर्षे मागे राहिल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ मध्ये, साथीच्या काळात वयोमर्यादा ओलांडलेल्या उमेदवारांना आणखी एक संधी देण्याचा निर्णय झाला, म्हणजे शासनाने आपल्या दारातला अंतराय तेवढ्यापुरता मान्य केला. खासगी नोकरीच्या मुलाखतीत मात्र त्या रिकाम्या वर्षाचा खुलासा अजूनही उमेदवाराकडेच मागितला जातो.